सूपभर उकडे तांदूळ

रविवार होता. लालबागच्या आमच्या चाळीत रविवारी सकाळी सगळ्या मजल्यांवर मासे तळल्याचा वास असतो. मी गॅलरीत लेकीचा युनिफॉर्म वाळत घालत होते आणि जिन्यावरून माझी धाकटी जाऊ वर आली. मागून दीर. गावाहून कोणी यायचं म्हटलं की आधी दहा फोन येतात, कोकम आणू का, आंबोळीचं पीठ आणू का. यांनी काहीच कळवलं नव्हतं. दिराच्या खांद्याला बॅग आणि जावेच्या हातात सूप, त्यावर नवं कोरं फडकं बांधलेलं.

"अगो बाई, असं अचानक?" मी म्हटलं. "आणि सूप कशाला घेऊन आलीस एवढ्या लांब? इकडे काय सुपं मिळत नाहीत?"

ती हसली नाही. चपला काढून आत आली, सूप जमिनीवर ठेवलं, फडकं सोडलं. आत उकडे तांदूळ, शिगोशीग भरलेले. माझी लेक पलंगावर बसून चित्र रंगवत होती. तिने मान वर करून विचारलं, "काकी, हे कसले तांदूळ?"

"तुझे, बाय," जाऊ म्हणाली. "तोडगो पुरो करूक इलंय. तुका घराक व्हरतंय आता."

तोडगा पुरा करायला आलेय, घरी नेते, म्हणाली ती. माझ्या घरात उभी राहून, माझ्या पोरीला. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की हातातला ओला फ्रॉक मी तिच्या अंगावर फेकणारच होते. दीर भिंतीकडे बघत होते. आणि सासूबाई, ज्या खाली बसून लसूण सोलत होत्या, त्या सूप बघून उठल्या आणि मोरीत जाऊन हात धुवायला लागल्या. बराच वेळ धूत राहिल्या.

हा तोडगा काय ते आधी सांगते. आमच्या गावाकडे, सिंधुदुर्गात, एखाद्या बाईचं मूल दगावलं आणि पाठीवर दुसरं झालं, की ते जगावं म्हणून करतात. बाळाला सुपात घालून परसात उकिरड्याच्या कडेला ठेवायचं. दुसरी कोणी बाई जशी काही वाटेने चालली आहे अशी येते, आणि मोठ्याने म्हणते, 'अगो, हे कोणाचं पोर टाकलेलं!' आणि उचलते. म्हणजे त्या घरावर ज्याची वाईट नजर आहे त्याला वाटावं की हे पोर या घरचं नव्हेच. मग खरी आई त्या बाईला सूपभर तांदूळ देते आणि आपलंच पोर विकत घेऊन घरी येते. हसतखेळत होतं सगळं, अर्ध्या तासात पोर परत आईच्या मांडीवर. असे विकत घेतलेले म्हातारे गावात अजून आहेत आणि त्यावरून त्यांची थट्टा होते.

माझी लेक मला अशी सुपात मिळाली. फक्त तांदूळ कोणी दिले नाहीत.

जावेला पहिली मुलगी झाली. दुसरी मुलगी तान्हेपणीच तापाने गेली. तिसरी पण मुलगीच, ती सातव्या महिन्यात जन्मलेली, काचेच्या पेटीत राहून घरी आलेली, मांजराच्या पिल्लाएवढी. दिरांना मुलगा हवा होता. त्यांनी तोंडच फिरवलं. ही जगेल याची खात्री कोणालाच नव्हती. आणि इकडे मी. परळला मी एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते, लोकांना रिपोर्ट देते. वर्षानुवर्षं मी माझे स्वतःचे रिपोर्टही माझ्याच हाताने पाकिटात घातलेत आणि पाकीट उघडायच्या आधी मला कळलेलं असायचं की आत काय आहे. सासूबाई सुनेच्या बाळंतपणाला गावी गेलेल्या. त्यांचा फोन आला. "ये गे. चेडू तुझ्या ओटीत घालतंय. कायमचा."

चेडू म्हणजे मुलगी. आणि कायमचा, हा शब्द मी या कानांनी ऐकलाय.

मग तोडग्याचं सोंग कशाला? तर गावासाठी. पोटची पोर देऊन टाकली म्हटलं की गाव जावेला फाडून खाणार, मोठ्या मुलीचं लग्न काढलं की लोक तेच उकरून काढणार. तोडगा केला म्हटलं की कोणी काही विचारत नाही. सासूबाई म्हणाल्या, लोकांदेखत तोडगा करायचा, तांदळाचं मागाहून बघू म्हणायचं, आणि तू पोर घेऊन मुंबईला जा. मला पटलं. त्या दिवसांत पोर मिळणार असेल तर मला काहीही पटलं असतं.

गाव खळ्यात जमलेलं. मी उकिरड्याच्या बाजूने चालत आले आणि जे ओरडायचं ते ओरडायला तोंड उघडलं तर शब्द फुटेना. ती सुपातून माझ्याकडे बघत होती, कपाळाला आठ्या घालून. मागून कोणी तरी म्हणालं, "अगो उचल, ऊन लागता तेका." मी उचलली. जाऊ ओसरीत खांबाला टेकून बसली होती, बाळंतीणच ती, पदर तोंडात धरलेला. मला वाटलं, देताना कोणत्याही आईला वाईट वाटणारच.

कागदाचं विचाराल तर मी नवऱ्याला एकदा नाही, दहादा म्हटलं, दत्तकाचा कागद करू, रजिस्टर करून घेऊ. "घरातल्या घरात कसला कागद? भाऊ आहे माझा तो." झालं, विषय संपला. माझगावच्या गोदीत फिटर आहे माझा नवरा. दुसऱ्याने बोल्ट नीट आवळला नाही तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, आणि स्वतःच्या घरात हे एवढं ढिलं ठेवलं. शाळेत पोरीच्या नावात वडील म्हणून दिरांचं नाव. आडनाव एकच, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नसे. माझ्या यायचं. बक्षीस द्यायला तिचं नाव पुकारलं की मधला शब्द ऐकून मी दातओठ खायचे.

तर त्या रविवारी. मी म्हटलं, "सूप उचल आणि चालती हो."

"सात वर्सां झाली, वैनी," जाऊ म्हणाली. "सात वर्सांनी परत म्हणालेली ना?"

"कोण म्हणालं तुला?"

तिने मोरीकडे बघितलं. मोरीतून पाण्याचा आवाज येत राहिला. तेवढ्यात नवरा भावावर धावून गेला, "तू बोल की रे! कायमची दिली म्हणून तूच माझ्या पाया पडला होतास ना?" दीर भिंतीशीच बोलले. "तोडगाच होता तो, दादा. सगळं गाव साक्षीला आहे." धडधडीत खोटं. बायकोने जेवण सोडलं होतं म्हणे, गर्भपिशवी काढल्यावर आता मुलगा होण्याची आशा संपली होती, म्हणून हा शहाणा तिची समजूत घालायला माझी पोर न्यायला आला होता.

नवऱ्याने सूप उचललं, जिना उतरून त्यांच्या टॅक्सीत नेऊन ठेवलं. ती दोघं गिरगावात जावेच्या मावशीकडे गेली. रात्रीच्या जेवणाला पोरीने विचारलं, "मम्मी, काकी मला विकत घेणार होती?"

"कोणी कोणाला विकत घेत नाही. जेव."

तिने हाताने सुपाचा आकार करून बघितला. "एवढेसेच?" म्हणाली. सासूबाई हसल्या. मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी भाताचा घास तसाच गिळला.

पंधरवड्यात त्यांच्या वकिलाची नोटीस आली, दोघं तोवर गिरगावातच मुक्कामाला होती. आमचे वकील दादरला शिवाजी पार्कच्या मागे राहणारे, शांत गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, कागद नसला तरी दत्तक टिकू शकतं. पण खरंखुरं देणं झालं होतं, कायमचं म्हणून, आणि मुख्य म्हणजे पोरीच्या आईला ते माहीत होतं आणि मान्य होतं, हे दाखवावं लागेल. आईची संमती नसेल तर सगळं कोसळतं. गावातले लोक काय सांगतील?

"तोडगा होता म्हणतील," मी म्हटलं.

"मग खरं कोणाला माहीत आहे?"

"माझ्या सासूबाईंना."

"मग त्यांची तब्येत सांभाळा," वकील म्हणाले, आणि चेष्टेत म्हणाले नाहीत.

अहो, काय सेवा केली मी त्या बाईची! लग्नानंतर पहिल्या वर्षीही केली नव्हती. बांगडा आणला की मधला तुकडा त्यांना. त्यांची मिश्री, जिच्यावरून मी वर्षानुवर्षं कटकट केली, ती मी स्वतः जाऊन आणायला लागले. पाय चेपून दिले. त्या सगळं करून घ्यायच्या आणि मी विचारलं, "आई, सांगाल ना कोर्टात?" की म्हणायच्या, "वेळ येवंदे." एवढंच. मला झोप लागेना. लॅबमध्ये मी एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला दिला, साहेबांनी चारचौघांत झापलं.

शाळेत जाऊन बाईंना सांगितलं, मी किंवा माझा नवरा किंवा आजी, यांच्याशिवाय पोरीला कोणाच्या हाती द्यायचं नाही. बाई चांगल्या होत्या, पण म्हणाल्या, "आमच्याकडे रेकॉर्डला वडील म्हणून ज्यांचं नाव आहे ते आले तर मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू?" त्यानंतर रोज शाळा सुटायच्या वेळेला माझं काउंटरवर लक्ष नसायचं. समोर माणूस पावती घेऊन उभा आणि माझ्या डोळ्यांपुढे शाळेचं फाटक, फाटकात दीर. नवऱ्याने रात्रपाळी मागून घेतली, दुपारी तोच जायचा आणायला. त्याला जमलं नाही तर सासूबाई. सासूबाईंचीच तेवढी भीती नव्हती.

आणि नेमक्या एका गुरुवारी दुपारी शेजारणीचा फोन आला. "अगं, तुझ्या खोलीला कुलूप आहे. पोरगी आली नाही का अजून?"

नवऱ्याला त्या दिवशी जास्तीची पाळी लागली होती. शाळेत फोन केला तर म्हणाले, आजी घेऊन गेली, कधीच. मी जेवणाचा डबा पण उचलला नाही, तशीच धावत सुटले. परळहून लालबागपर्यंत टॅक्सी करावी हेसुद्धा सुचलं नाही. मसाल्याच्या दुकानांपाशी बघितलं, सासूबाई तिथे मिरच्या निवडत बसतात कधी कधी. गणपतीच्या कारखान्यात बघितलं, पोर रोज तिथे वाकून मूर्तींचे हात मोजते. भाजीवालीला विचारलं. ती म्हणाली, "म्हातारी आणि नात? टॅक्सीत बसल्या की. म्हातारी टॅक्सीत बसली म्हणून मी बघतच राहिले."

सासूबाई आणि टॅक्सी! केईएमला न्यायचं तरी बसने जाऊ म्हणणारी बाई. मग माझ्या डोक्यात लख्ख झालं. गिरगाव.

टॅक्सीत मी काय काय बोलले ते देवाला ठाऊक. ड्रायव्हर आरशातून बघत होता, शेवटी म्हणाला, "बहेनजी, पानी पिओगे?" ते लोक आता गावच्या गाडीत बसलेसुद्धा असतील, बाप म्हणून कागदावर नाव त्याचंच आहे, पोलिसही त्यालाच विचारतील, हे सगळं मी मोठ्याने बोलत होते. मावशीच्या चाळीचा लाकडी जिना मी कशी चढले मला आठवत नाही. दाराबाहेर चपलांच्या गर्दीत पोरीचे शाळेचे काळे बूट दिसले आणि तिथे मला पहिल्यांदा रडू फुटलं.

आत जाऊ जमिनीवर बसली होती आणि माझी पोर तिच्या पुढ्यात. जाऊ तिच्या केसांना तेल लावून वेणी घालत होती. "मम्मी, बघ, काकीने चार पेडांची घातली," पोर म्हणाली, "तुला येत नाही ना?" एका कोपऱ्यात सासूबाई बशीतून चहा पीत होत्या. दीर नव्हतेच.

मी पोरीला दंडाला धरून ओढलं. "शाळेतून पोर पळवता? लाज नाही वाटत?"

"पळवूक नाय," जाऊ म्हणाली. "आईंनी हाडल्यानी. माका नुसता बघूचा होता."

सासूबाईंनीच पोरीला आणलं म्हणे, हिला नुसतं बघायचं होतं. तिने तेलाचे हात पदराला पुसले. आणि मग ती जे बोलली ते आरडाओरडा न करता बोलली, म्हणून ते माझ्या डोक्यातून जात नाही. "वैनी, सुपात घालताना माका आई म्हणालेली, सात वर्सां थंय ऱ्हवांदे. मुंबैत डॉक्टर बरे. जगला वाचला काय परत हाडूया. मी वर्सां मोजतंय. दर गणपतीक तुमी हाडतास, ता माका काकी म्हणता, मी मनात म्हणतंय, अजून तीन वर्सां, अजून दोन. कायमचा म्हणून कोणी सांगला असता तर मी सूप हातातसून सोडलंय नसतंय."

सात वर्षं मुंबईत राहू दे, जगली की परत आणू, असं हिला सांगितलं होतं म्हणे. मला वाटलं सासूबाई म्हणतील, खोटं बोलते ही. मी वळून त्यांच्याकडे बघितलं. "आई?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "होय," म्हणाल्या. "तिका तसा सांगलंय, तुका असा सांगलंय. ती सोडी नाय होती चेडवाक. थंय ऱ्हवला असता तर मेला असता ता. जगला ना? मगे?"

बस. एवढंच. दोन सुनांना दोन गोष्टी सांगून टाकल्या, आणि सात वर्षं ही बाई माझ्या घरी बसून लसूण सोलत होती. दिराला सगळं ठाऊक होतं, त्यालाही बायकोला काही सांगायचं नव्हतं, सात वर्षं लांब होती, म्हटलं असेल तेव्हाचं तेव्हा बघू. मला त्या बाईच्या अंगावर ओरडायचं होतं. गिरगावची सगळी चाळ गोळा होईल एवढं ओरडायचं होतं. पण वकिलांचं बोलणं आठवलं. आईची संमती नसेल तर सगळं कोसळतं. संमती नव्हतीच. आणि ती होती असं कोर्टात फक्त ही म्हातारीच सांगू शकत होती.

मी सासूबाईंच्या चपला सरळ करून ठेवल्या, त्यांना हाताला धरून जिना उतरवला. टॅक्सीत पोर माझ्या मांडीवर झोपली. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. घरी आल्यावर मी ती वेणी सोडली आणि केस दोनदा धुतले.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे तिला फसवलंच की आईने. ती पण आईच आहे ना तिची."

"मग मी कोण आहे?" मी विचारलं. "सांग ना, मी कोण आहे? काचेच्या पेटीतून आलेली पोर छातीशी धरून ज्या बाईने अख्खा हिवाळा बसून काढला ती कोण? तू कागद केला नाहीस, आता तू तोंड उघडायचं नाही." त्याने उघडलं नाही. त्यालाही ती हवीच होती, फक्त दुसऱ्या कोणी तरी तिला ठेवून घ्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोर शाळेत असताना मी सासूबाईंपुढे जाऊन बसले. त्या ताटात डाळ निवडत होत्या.

"आई, कोर्टात काय सांगाल?"

"तुका काय होया?" त्यांनी मान वर न करता विचारलं. तुला काय हवंय.

"कायमची दिली होती, आणि धाकटीला माहीत होतं, तिच्या राजीखुशीने दिली. असं."

त्यांनी डाळीतला एक खडा काढून बाजूला टाकला. "बरा," म्हणाल्या.

हा काही माझा पश्चात्ताप नाही, कोणाला तसं वाटत असेल तर चूक आहे. आज पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा त्याच जागी बसेन आणि तेच मागेन. ज्यांना हे वाचून माझा राग येतो त्यांनी आपली पोर सुपात ठेवून बघावी.

कोर्टात सासूबाई जरीकाठी लुगडं नेसून आल्या. घरात मालवणीशिवाय न बोलणारी बाई, तिथे छापील मराठीत बोलली. "माझ्या धाकट्या सुनेला सगळं माहीत होतं. तिने राजीखुशीने मुलगी मोठीच्या ओटीत घातली. तोडगा लोकांसाठी होता." एक शब्द इकडेतिकडे झाला नाही. समोरच्या वकिलाने फिरवून फिरवून विचारलं, तरी तेच. मग दिरांची पाळी आली. इतके दिवस तोडगा तोडगा म्हणणारा माणूस. पण आईला भर कोर्टात खोटी पाडायची त्याची छाती नव्हती, आणि खरं सांगावं तर बायकोला सात वर्षं आपणही फसवलं हे कबूल करावं लागलं असतं. खाली मान घालून म्हणाला, "आई म्हणते ते बरोबर आहे."

जाऊ उभी राहिली. "खोटा! सगळी खोटी बोलतत!" जज्जसाहेबांनी तिला शांत बसायला सांगितलं. तिच्या वकिलाने हाताने खुणावून बसवलं. आपल्याच नवऱ्याकडे तिने एकदा बघितलं, सासूकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे.

"वैनी," ती म्हणाली, "तुमी तरी सांगा. तुमका म्हायत आसा."

मला माहीत होतं. गिरगावच्या त्या खोलीत मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मी माझ्या पर्सची चेन उघडली, रुमाल काढला, आणि बंद केली. कोणी मला काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही.

निकाल आमच्या बाजूने लागला. रीतसर कागद झाला, शिक्के बसले, शाळेत पोरीच्या नावात माझ्या नवऱ्याचं नाव चढलं. मी चाळीत दारोदार पेढे वाटले. सासूबाईंनी दोन खाल्ले. गावाकडून कळतं ते एवढंच, की जाऊ त्याच घरात राहते, रांधते, वाढते, आणि दिराशी एक शब्द बोलत नाही. गणपतीला आम्ही आता जात नाही. नवरा चतुर्थीच्या दिवशी गॅलरीत उभा राहून सिगारेटी ओढतो. ओढू दे.

मला वाटलं, संपलं. आता श्वास घ्यायला हरकत नाही. आणि दिवाळीची साफसफाई करताना मी पलंगाखालची ट्रंक ओढली, तर तिच्या मागे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. उघडला तर आत तांदूळ. आमचा कोलम, शेजारणीकडचा लांब बासमती, कुठले तरी पिवळे पडलेले, लग्नातल्या अक्षतांचे लालसर, सगळे एकत्र. आणि त्यात टोके झालेले, काळे काळे, वळवळ करणारे.

"ही काय घाण साठवलीय इथे?" मी ओरडले आणि डबा केराच्या बादलीकडे नेला.

पोर गॅलरीतून धावत आली. दोन्ही हातांनी डबा धरला. "टाकू नको! मम्मी, टाकू नको!"

"अगं किडे झालेत."

"अजून पुरे झाले नाहीत," ती म्हणाली. तिने हाताने आकार करून दाखवला, त्या रविवारी केला होता तेवढाच. "काकीचे एवढे होते. ती परत आली तर आपल्याकडे जास्त पाहिजेत ना?"

म्हणजे रोज भात टाकायच्या आधी माझ्या डब्यातून एक मूठ. शेजारी खेळायला गेली की एक मूठ. त्या गुरुवारी तिने काकीकडून वेणी घालून घेतली, कोर्टाच्या दिवसांत शेजारणीकडे गपचूप बसून राहिली, एकदाही मला काही विचारलं नाही, आणि मी लोकांना सांगत होते की पोरीला काही कळलेलं नाही, लहान आहे.

मी तिला मांडीवर घेतलं. कपाटातून कागद काढून दाखवला. हे बघ शिक्का, ही बघ सही, हे पप्पांचं नाव. आता कोणी येणार नाही, कोणी नेणार नाही, मोठ्या साहेबांनी सांगितलंय. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. शिक्क्यावरून बोट फिरवलं. हुशार आहे ती, शाळेत बाई पण म्हणतात.

"मग आपण काकीला किती तांदूळ दिले?" तिने विचारलं.

"काही नाही दिले."

"काहीच नाही?"

"नाही."

तिने थोडा विचार केला. "मग ती येणार ना परत," म्हणाली, आणि माझ्या मांडीवरून उतरून डब्याचं झाकण लावायला लागली.

मी तिच्या हातातून डबा घेतला, गॅलरीत उन्हात जुना पेपर पसरला आणि तांदूळ त्यावर ओतले. ती माझ्या शेजारी येऊन बसली. आम्ही दोघी एकेक टोका वेचून बाहेर टाकत राहिलो, आणि झाल्यावर मी आमच्या डब्यातले दोन मुठी तांदूळ तिच्या तांदळांत घातले.